संरक्षण कोणाला आणि कोणाच्या खर्चाने?

अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत जकात लादली आणि मुक्त व्यापार की संरक्षण हा जुना वाद देशात नव्याने रंगला. एका बाजूला मुक्त व्यापाराचे पंडित उभे आहेत. सर्व देशांनी आपापले दरवाजे सताड उघडले की स्वस्ताई आणि समृद्धी आपोआप नांदू लागतील, अशी त्यांची अढळ श्रद्धा आहे. दुसऱ्या बाजूला स्वदेशीचा गजर करणारे राष्ट्रभक्त आहेत. परदेशी मालापुढे भिंत उभी केली की राष्ट्र बलवान झाले, असे त्यांचे सोपे समीकरण आहे. दोन्ही पक्षांचा आवेश मोठा आहे आणि एकमेकांवरील आरोपांत तथ्यही आहे. मात्र एक प्रश्न दोघेही कटाक्षाने टाळतात. भिंत बांधली तर तिच्या आत सुरक्षित कोण होतो, आणि तिच्या विटांचे पैसे कोण भरतो? दार उघडले तर वारा कोणाला लागतो, आणि वादळ कोणाच्या घरात शिरते?

हा प्रश्न विचारला की वादाचे सारे स्वरूपच पालटते. कारण भारताचे सरकार मुक्त व्यापारवादी नाही आणि संरक्षणवादीही नाही. ते एकाच वेळी दोन्ही आहे. बलवानांसाठी संरक्षण आणि दुर्बलांसाठी मुक्त बाजार, असा या धोरणाचा खरा मंत्र आहे.

एक अधिसूचना, दोन न्याय

हे विधान अतिशयोक्त वाटत असेल त्यांनी मे २०२५ च्या अखेरीस निघालेली खाद्यतेलाविषयीची अधिसूचना पाहावी. तिने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले. उपकरांसह हिशेब केला तर कच्च्या तेलावरील भार २७.५ टक्क्यांवरून १६.५ टक्क्यांवर उतरला. शुद्ध केलेल्या तेलावरील ३५.७५ टक्क्यांचा भार मात्र तसाच ठेवण्यात आला. म्हणजे कच्च्या आणि शुद्ध तेलांच्या शुल्कातील अंतर ८.२५ वरून १९.२५ टक्क्यांवर गेले.

या आकड्यांचा अर्थ साध्या भाषेत सांगता येतो. कच्चे तेल हे सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे प्रतिस्पर्धी. त्याच्यापुढची भिंत सरकारने बुटकी केली. शुद्ध तेल हे बंदरांवर मोठमोठे शुद्धीकरण कारखाने उभारून बसलेल्या कंपन्यांचे प्रतिस्पर्धी; त्याच्यापुढची भिंत जशीच्या तशी राहिली, आणि कच्चा माल स्वस्त झाल्यामुळे तिच्या आडोशाला मिळणारा नफ्याचा वाव दुपटीहून अधिक झाला. तेलशुद्धीकरण उद्योगाच्या संघटनांची ही मागणीच होती. एका कागदावर, एका सहीने, शेतकऱ्याला मुक्त व्यापार मिळाला आणि कारखानदाराला संरक्षण. शेतकऱ्याला उपदेश असा की बाजाराच्या नियमांपुढे कोणाचे काही चालत नाही. कारखानदाराला आश्वासन असे की बाजाराचे नियम तुमच्यासाठी बदलून देऊ.

यापूर्वी सप्टेंबर २०२४ मध्ये, महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, याच कच्च्या तेलावरील भार ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेण्यात आला होता. सोयाबीनला भाव मिळेल अशी ग्वाही त्या वेळी मराठवाड्यात आणि विदर्भात सभांमधून देण्यात आली. प्रत्यक्षात काय घडले? दुकानातले तेल तत्काळ महागले. लातूरच्या बाजारात मात्र ४,८९२ रुपये हमीभावाचे सोयाबीन चार-सव्वाचार हजारांच्या आसपासच विकले गेले. पेंडीचे भाव पडलेले होते, सरकारी खरेदी तोकडी होती, आणि शेतकऱ्याला माल घरात ठेवून वाट पाहण्याची ऐपत नव्हती. भिंत उंच झाली, तिचा खर्च गिऱ्हाइकाने भरला, शेतकऱ्याच्या हाती भोपळा आला. जकात वाढवली म्हणजे उत्पादकाला संरक्षण मिळाले, हे समीकरणच खोटे आहे. जकातीतून निर्माण होणारा पैसा कोणाच्या हाती पोहोचतो, हे जकात ठरवत नाही. ते समाजातील बळाबळ ठरवते.

मुक्त व्यापाराचा इतिहास

येथे मुक्त व्यापाराचे पंडित खुश होऊन म्हणतील, तर मग भिंतच नको! परंतु त्यांच्या सिद्धान्ताचा या देशातील इतिहास त्यांना सोयीस्कर नाही.

इंग्लंडने आपले कापडगिरण्यांचे साम्राज्य मुक्त व्यापाराने उभारलेले नाही. भारतातील छापील सुती कापडावर तेथील पार्लमेंटने १७०० आणि १७२१ साली कायद्याने बंदी घातली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय कापडावरील इंग्रजी जकात सत्तर टक्क्यांच्या वर होती. त्याच काळात इंग्रजी कापड मात्र भारतात नाममात्र जकातीवर उतरत होते. गिरण्या बलवान झाल्या, जगात त्यांना तोडीस तोड कोणी उरले नाही, तेव्हा कुठे १८४६ साली धान्यकायदे रद्द करून इंग्लंडने मुक्त व्यापाराची जपमाळ हाती घेतली. अमेरिकेने आणि जर्मनीनेही उंच जकातींच्या आडच आपले कारखाने वाढवले.

भारतात या जपमाळेचा अर्थ काय झाला हे मुंबईच्या गिरण्यांनी अनुभवले. लँकेशायरच्या दबावाखाली १८८२ साली परदेशी कापडावरील आयातशुल्क रद्द झाले. सरकारी तिजोरी रिकामी पडू लागली तेव्हा १८९४ मध्ये ते परत बसवावे लागले. पण १८९६ साली विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवताना भारतातील गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर लादण्यात आला. स्वतःच्या देशातील मालावर, परदेशी मालाशी ‘समान’ वागणूक मिळावी म्हणून, कर! जे जाडेभरडे कापड लँकेशायर विणतच नव्हते त्यावरसुद्धा तो बसला, आणि ते कापड गरीब नेसत होते. हा कर अखेर १९२५-२६ मध्ये गेला.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात इंग्रजी अर्थशास्त्राच्या सार्वत्रिक सत्यांना आव्हान दिले ते या अनुभवाच्या आधारावर. जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिख लिस्ट याच्या विचारांचा आधार घेऊन त्यांनी दाखवले की मागासलेल्या देशाला बलाढ्य देशाशी खुल्या मैदानात झुंजायला लावणे हा न्याय नव्हे. त्यापूर्वी जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये विलायती यंत्रावरच्या मालाने देशी कारागिरांची झालेली उपासमार मांडली होती. महाराष्ट्राच्या वैचारिक परंपरेला मुक्त व्यापाराचे ढोंग नव्याने समजावून घेण्याची गरज नाही.

गिरणीची भिंत आणि गिरणीतला माणूस

मात्र या परंपरेच्या दुसऱ्या अंगाकडे पाहण्याचे धैर्य स्वदेशीवाद्यांना होत नाही. परदेशी कापडाविरुद्धच्या लढ्यात प्राण कोणी दिले, आणि त्या लढ्याचे फळ कोणी चाखले?

१२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईच्या काळबादेवी भागात परदेशी कापडाने भरलेल्या मालमोटारीपुढे एक तरुण आडवा झाला आणि तिच्याखाली चिरडला गेला. तो बाबू गेनू. पुणे जिल्ह्यातील महाळुंगे पडवळचा, मुंबईत पोटासाठी आलेला गिरणी कामगार. ज्या गिरणीमालाला बाजार मिळावा म्हणून त्याने छातीवर मोटार घेतली, त्या गिरणीत त्याच्या मालकीचे एक चातही नव्हते.

त्याच वर्षी सरकारने कापड उद्योगाला कायद्याने संरक्षण दिले: विलायती कापडावर १५ टक्के आणि इतर परदेशी कापडावर २० टक्के. पुढे जपानी मालाची लाट आली तशी भिंत चढत गेली आणि जून १९३३ मध्ये बिगर-ब्रिटिश कापडावरील जकात ७५ टक्क्यांवर पोहोचली. मालकांना मागितले त्याहून काही कमी मिळाले असे म्हणता येणार नाही. मग या भिंतीच्या आत काय चालले होते? १९३३-३४ मध्ये मुंबईतील गिरणीमागून गिरणी कामगारांच्या मजुरीला कात्री लावत होती. परदेशी स्पर्धेमुळे धंदा परवडत नाही, हे कारण सरकारपुढे मांडून जकात मिळवायची आणि तेच कारण कामगारांपुढे मांडून मजुरी कापायची! जकात आणि मजुरीकपात या दोन्ही गोष्टी एकाच हातात एकाच वेळी पडल्या. एप्रिल १९३४ मध्ये कामगारांनी सार्वत्रिक संप पुकारला तो या कपातीविरुद्ध.

याहूनही लाजिरवाणी गोष्ट ऑक्टोबर १९३३ मध्ये घडली. मुंबई गिरणीमालक संघाचे अध्यक्ष होमी मोदी यांनी लँकेशायरच्या शिष्टमंडळाचे प्रमुख क्लेअर-लीस यांच्याशी करार केला आणि विलायती कापडावर इतरांपेक्षा कमी जकात असण्याला मान्यता दिली. बाबू गेनूला जाऊन तीन वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्या कापडाची मोटार अडवताना कामगाराने प्राण दिला, त्या कापडाला मालकाने करार करून वाट मोकळी करून दिली. भांडवलाची स्वदेशी अशी असते. प्रतिस्पर्धी बलवान असला तर तिला राष्ट्र आठवते. भागीदार मिळाला की ती राष्ट्र विसरते. याच १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्षाचा जन्म झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. राष्ट्रीय चळवळीच्या आत वर्गाचा प्रश्न उभा करणे अपरिहार्य झाले होते.

संरक्षणाला अट घालणे अशक्य असते असेही नाही. साखर उद्योगाला १९३२ साली संरक्षण मिळाले आणि देशातील तीसेक कारखान्यांचे पाच वर्षांत सव्वाशेच्या वर कारखाने झाले. १९३४ च्या ऊस कायद्याने प्रांतिक सरकारांना उसाचा किमान भाव ठरवण्याचा अधिकार दिला आणि संयुक्त प्रांत व बिहारमध्ये तो वापरला गेला. वसाहतवादी राजवटीलासुद्धा मान्य करावे लागले की कारखान्याला भिंत दिली तर ऊसवाल्याला भाव दिला पाहिजे. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा राहिला आणि १९५० मध्ये सुरू झाला. संरक्षणाचे फळ उत्पादकाकडे वळवण्याचा तो एक मोठा प्रयोग होता. मात्र त्या भिंतीच्या आतही बीडहून कोयता घेऊन येणारा ऊसतोड कामगार उचलीच्या फासात अडकलेलाच राहिला आणि सहकाराचे कारखाने घराण्यांच्या जहागिरी बनले. अट शेवटच्या माणसापर्यंत पोहोचली नाही तर ती मधल्या माणसाची मिरास होते.

परमिटांच्या सावलीत

स्वातंत्र्यानंतर भिंत आणखी उंच झाली. नवजात उद्योगांना वाढू द्यायचे, यंत्रे घरी बनवायची, परकीय चलन वाचवायचे, ही उद्दिष्टे योग्य होती. पोलाद, यंत्रसामग्री, औषधे, वीज उपकरणे या क्षेत्रांत सार्वजनिक उद्योगांनी जे उभे केले ते मुक्त बाजाराने कधीही उभे केले नसते. ही कमाई नाकारणे म्हणजे इतिहासाशी बेइमानी ठरेल. पण खासगी भांडवलाला मिळालेल्या संरक्षणाचे काय झाले? १९६७ चा हजारी अहवाल आणि १९६९ चा दत्त समितीचा अहवाल यांनी ते उघड केले. परवाना पद्धतीचा लाभ मोजक्या बड्या घराण्यांनी आपल्या वाट्याहून कितीतरी अधिक उचलला होता. परवाने अडवून ठेवून इतरांना मैदानात येऊ दिले जात नव्हते. जनतेने स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावला आणि दशकानुदशके तीच ती मोटार चढ्या किमतीत घेतली. शिशू उद्योग म्हणून ज्याला पदराआड घेतले त्याला मिशा फुटल्या तरी तो पाळण्यातून उतरायला तयार नव्हता, आणि त्याला उतरवण्याची सरकारची इच्छा नव्हती.

मुंबईच्या गिरण्यांचा शेवट तर या कहाणीचे सार आहे. पन्नास वर्षे संरक्षणात मिळालेला नफा यंत्रे बदलण्यात गेला नाही. तो इतर धंद्यांत वळला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हा मालकांना घाई नव्हती. गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची झाली होती. १९९१ च्या विकास नियमावलीने त्या जमिनीचा एक तृतीयांश भाग सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश घरांसाठी राखण्याची तरतूद केली. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या पडलेल्या जमिनीपुरती आकुंचित झाली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. बाबू गेनूच्या बलिदानाने, ग्राहकाच्या पैशाने आणि कामगाराच्या घामाने जे जपले गेले ते शेवटी काचेच्या मनोऱ्यांच्या मालकांकडे गेले. अटींवाचून दिलेले संरक्षण कोठे पोहोचते याचा पुरावा लालबाग-परळला उभा आहे.

१९९१ नंतरचा दरवाजा

या अपयशाचे औषध म्हणून १९९१ मध्ये दरवाजा उघडण्यात आला. बिगरशेती मालावरील कमाल आयातशुल्क त्या साली १५० टक्के होते; २००७ पर्यंत ते १० टक्क्यांवर आले. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि १ एप्रिल २००१ पासून उरलीसुरली परिमाणात्मक आयातबंधनेही उठली. ग्राहकाला निवड मिळाली, मालात सुधारणा झाली, काही उद्योग स्पर्धेला तोंड देऊन उभे राहिले. हे मान्य करण्यात समाजवाद्यांना कमीपणा वाटण्याचे कारण नाही. मक्तेदाराची मिजास उतरली याचे दुःख कोणी करावे?

परंतु तेलबियांचे काय झाले तेही त्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या तेलबिया तंत्रज्ञान अभियानाने भाव, खरेदी, बियाणे आणि आयातनियंत्रण यांची सांगड घातली. १९८५-८६ मध्ये सुमारे १०८ लाख टन असलेले उत्पादन १९९३-९४ मध्ये सुमारे २१५ लाख टनांवर गेले आणि देश खाद्यतेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला. नऊ वर्षांच्या आत, तेही बहुतांशी कोरडवाहू शेतकऱ्यांनी, हा पराक्रम केला. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली, पाठोपाठ इतर तेलांची झाली, आणि ६५ टक्के असलेले शुल्क १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर उतरले. आता देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. २०२२-२३ मध्ये ही आयात १६० लाख टनांच्या वर गेली. इंडोनेशियात पाऊस कमी पडला किंवा युक्रेनमध्ये तोफा धडाडल्या की वऱ्हाडातल्या चुलीवरची कढई महाग होते. ज्याला बाजाराची कार्यक्षमता म्हटले जाते ती ही परावलंबनाची बेडी आहे.

शेतकऱ्याला दोन्हीकडून मार

कापसाची कथा तर आणखी उद्बोधक आहे. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पाने आयात कापसावर ११ टक्के भार बसवला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने जकात वाढवली, वस्त्रोद्योगाच्या निर्यातदारांनी ओरड केली, आणि १९ ऑगस्टला सरकारने हा भार उठवला. प्रथम सप्टेंबरअखेर, मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. विदर्भात पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास होते, हे दिल्लीतल्या कोणाला ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे. माल घरात यायच्या बेतात असताना दरवाजा उघडला आणि माल विकला जाईपर्यंत तो उघडाच ठेवला. मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव कागदावर होता. व्यापाऱ्याचा भाव त्याखाली, आणि सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांहून अधिक निघाला की गाडी परत. तिरुप्पूरच्या आणि सुरतेच्या मालावर वॉशिंग्टनने बसवलेल्या जकातीचा भार अशा रीतीने यवतमाळच्या शेतकऱ्याच्या पाठीवर आणून ठेवण्यात आला. निर्यातदाराला मदत करायचीच होती तर ती तिजोरीतून का करण्यात आली नाही?

आणि ज्या अमेरिकेचा कापूस आणण्यासाठी दार उघडले, ती आपल्या कापूस उत्पादकांना अनुदान देते. ब्राझीलने या अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दावा जिंकला. त्यावर २०१४ मध्ये ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन तक्रार मिटवण्यात आली. माली, चाड, बेनिन आणि बुर्किना फासो या गरीब देशांनी २००३ पासून हाच प्रश्न मांडला, त्यांच्या वाट्याला ठरावच आले. मुक्त व्यापाराचे नियम कोणासाठी असतात हे यावरून स्पष्ट व्हावे.

भाव पडला तर दार उघडे. भाव चढला तर दार बंद! कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ८ डिसेंबरला संपूर्ण निर्यातबंदी आली. मे २०२४ च्या आरंभी, लोकसभेचे मतदान चालू असताना, बंदी उठली. शुल्क मात्र टप्प्याटप्प्याने १ एप्रिल २०२५ रोजी गेले. लासलगावच्या शेतकऱ्याला जगाच्या बाजारात तेजी असताना देशाच्या कुंपणात कोंडायचे आणि सोयाबीनच्या शेतकऱ्याला जगात मंदी असताना कुंपण तोडून उघड्यावर टाकायचे, याला कोणत्या अर्थशास्त्रात बसवायचे? याला एकच शास्त्र आहे. संघटित भांडवलाचा आवाज मंत्रालयात रोज पोहोचतो. शेतकऱ्याचा आवाज पाच वर्षांतून एकदा.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही गांभीर्याने घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप शहरातील गरिबांचा. शेतमालाला संरक्षण दिले तर तेल, डाळ, कांदा महागेल. मग झोपडपट्टीतील कामगाराने काय खावे? हा आक्षेप खोटा नाही. समाजवादी चळवळीने महागाईविरुद्ध लाटणे मोर्चे काढले आहेत. तिला स्वयंपाकघराचा विसर पडता कामा नये. पण गरिबाला स्वस्त अन्न देण्याची जबाबदारी शासनाची आहे, दुसऱ्या गरिबाची नाही. आयातशुल्कातून जो पैसा तिजोरीत येतो त्यातून शेतकऱ्याचे तेल आणि डाळ हमीभावाने खरेदी करून रेशनच्या दुकानातून द्या. यवतमाळच्या शेतकऱ्याला धारावीच्या कामगाराविरुद्ध उभे करणे ही राज्यकर्त्यांची सोय आहे. ती सोय मोडणे हेच कार्यकर्त्यांचे काम आहे.

दुसरा आक्षेप डाव्या चळवळीतूनच येतो. मार्क्सने १८४८ च्या जानेवारीत ब्रुसेल्सच्या भाषणात संरक्षणाला प्रतिगामी ठरवून मुक्त व्यापाराच्या बाजूने कौल दिला होता, मग समाजवाद्यांनी भिंतीची भाषा का करावी? परंतु त्याच भाषणाचा बराचसा भाग मुक्त व्यापाराच्या ढोंगाचे वस्त्रहरण करण्यात खर्ची पडला आहे. मार्क्सचा कौल होता तो जुन्या समाजाचे विघटन वेगाने होईल या अपेक्षेने. भारतात दीडशे वर्षे विघटन झाले. विणकर देशोधडीला लागले. क्रांती त्यांच्या मदतीला धावली नाही. उपासमारीतून क्रांती आपोआप उगवत नाही, हे शिकण्यासाठी आणखी एक पिढी खर्ची घालण्याचे कारण नाही.

दक्षिण कोरियाचे उदाहरण दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने देतात. तेथे आधी जमिनींचे वाटप झाले, मग उद्योगांना संरक्षण आणि स्वस्त कर्ज मिळाले, आणि त्याबरोबर निर्यातीची लक्ष्येही घालून देण्यात आली. शासनाने भांडवलाला अट घातली हे तेथील यशाचे रहस्य. पण त्या शासनाने कामगाराला मात्र लष्करी टाचेखाली ठेवले. नोव्हेंबर १९७० मध्ये सोलच्या कापड बाजारातील चॉन थे-इल या बावीस वर्षांच्या शिवणकामगाराने कामगार कायद्यांच्या अंमलबजावणीची मागणी करीत स्वतःला पेटवून घेतले. मालकाला अट आणि कामगाराला हक्क, या दोन्ही गोष्टी लोकशाहीत एकत्र आणणे हे काम कोरियाने केले नाही. ते समाजवाद्यांना करावयाचे आहे.

अटींवाचून संरक्षण नाही

संरक्षण हे जनतेने आपल्या खिशातून दिलेले कर्ज आहे. कर्जाला मुदत असते, अट असते, हिशेब असतो. हे मान्य केले की पक्षाच्या मागण्या आपोआप ठरतात.

कोणत्याही उद्योगाला वाढीव जकात देताना तिची मुदत जाहीर झाली पाहिजे, आणि मजुरी, रोजगार, किंमत आणि यंत्रसुधारणा यांची लेखी हमी घेतली पाहिजे. संरक्षणाच्या काळात मजुरीकपात आणि कामगारकपात करणाऱ्या कंपनीचे संरक्षण काढले पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये पोलादावर १२ टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क बसले. मूठभर बड्या पोलाद कंपन्यांना ते मिळाले तेव्हा कोल्हापूर-इचलकरंजीच्या लहान कारखानदारांना पत्रा काय भावाने मिळेल, याची अट कोठे घातली गेली?

१९५१ च्या कायद्याने स्थापन झालेला टॅरिफ कमिशन उघड सुनावणी घेऊन संरक्षणाचे दावे तपासत असे; तो १९७६ मध्ये गुंडाळण्यात आला. शेतकरी, कामगार आणि ग्राहक यांचे प्रतिनिधी असलेला असा वैधानिक आयोग पुन्हा उभा राहिला पाहिजे. आज जकाती रात्रीच्या अधिसूचनेने बदलतात आणि सकाळी त्यांचा नफा कोणी केला हेही कळत नाही.

शेतमालाचा बाजारभाव हमीभावाखाली गेला की आयातशुल्क आपोआप वाढले पाहिजे. पेरणीपासून माल विकला जाईपर्यंत शुल्क घटवण्यास बंदी हवी. त्याबरोबर खरेदी केंद्रे हवीत, कारण खरेदीवाचून शुल्क म्हणजे सोयाबीनवाल्याने पाहिलेले मृगजळ. निर्यातबंदी लादायची असेल तर शेतकऱ्याला भावातील फरक रोख मिळाला पाहिजे. आणि परदेशांशी होणारे व्यापारकरार संसदेपुढे चर्चेला आले पाहिजेत. शेती हा राज्यांचा विषय; तरीही राज्यांना न विचारता तिचे भवितव्य परराजधान्यांत सह्या करून ठरवले जाते. ही लोकशाही नव्हे.

दरवाजा उघडा असावा की बंद, हा वाद घराचे मालक आपसात घालत आले आहेत. घर ज्यांनी बांधले ते ओसरीबाहेर उभे आहेत, आणि दोन्ही पक्ष त्यांच्याच नावाने बोलतात. पक्षाच्या प्रत्येक शाखेने येत्या हंगामात बाजार समितीच्या दारात, कारखान्याच्या फाटकावर आणि रेशनच्या रांगेत एकच प्रश्न घेऊन जावे: संरक्षण कोणाला आणि कोणाच्या खर्चाने? उत्तर देणे राज्यकर्त्यांना भाग पडेल अशा संख्येने तो विचारला गेला पाहिजे. काळबादेवीच्या रस्त्यावर १९३० साली आडव्या झालेल्या कामगाराचे ऋण त्याच्या पुतळ्याला हार घालून फिटणारे नाही.